ओळ सत्तेचाळीस

‘वोब्बे यांच्याकडील ज्ञानाचं हस्तांतरण. कालावधी: दोन दिवस.’
आराखड्यातली ही ओळ मीच टाकली होती,
लेउवार्डेनच्या ऑफिसात बसून,
पट्टीला निळा रंग देऊन.

समुद्राहून खोल वसलेलं एक गाव
एकोणचाळीस वर्षं त्यानं कोरडं ठेवलेलं.
पंपघरात त्यानं आधी कॉफी दिली, मग रबरी बूट.
बूट त्याच्या मापाचे.
मी टॅबलेट उघडला.
प्रश्न पहिला: बिघाड कसा ओळखता?
‘तीन नंबर कण्हतो.’
कसा?
‘अडलेल्या गाईसारखा.’
मी टाइप केलं: असामान्य आवाज.
चष्मा कपाळावर सरकवून त्यानं ते वाचलं
आणि कप विसळायला गेला.

किती डेसिबल, असंही विचारलं मी नंतर.
आठवलं की अजून कान तापतात.

दुसऱ्या रात्री वायव्येचा वारा सुटला.
दोन वाजता दार वाजवून त्यानं मला उठवलं,
कालव्याच्या काठानं अंधारात चालवत नेलं,
माझा तळवा धरून तीन नंबरच्या पाठीवर ठेवला.
गार लोखंड. थरथर. बस्स.
‘आत्ता,’ तो म्हणाला.
मला काही कळलं नाही.
‘आत्ता.’
नाही.
पहाटेपर्यंत तो तेवढा एकच शब्द म्हणत राहिला,
आणि एकदा, फक्त एकदा,
त्याच्या आधी माझी बोटं दचकली.

सोमवारी बैठकीत हिल्केनं विचारलं,
सत्तेचाळीस झाली? शंभर टक्के लिहू?
चार लिही, मी म्हटलं.
चार? अडलंय कुठं?
बूट मागव आधी, म्हटलं.
माझ्या मापाचे.