अर्थ

तासगावात बेदाण्याच्या शेडसमोर
स्कूटर मुकी झाली.
हॉर्न नाही, लाईट नाही, स्टार्टर नुसता टिक.

बाबालाल मुलाणीनं फ्यूज उन्हात धरला.
"तार शाबूत हाय."
टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला: दिवा पेटला.
चिमटा चॅसीला: काही नाही.
"करंट येतोय सर, परतायला वाट न्हाई.
अर्थ गेलाय."

सव्वीस वर्षं मी आठवीला
कवितेचा अर्थ फळ्यावर उतरवून देतोय.

सीटखालचा बोल्ट त्यानं सोडला,
दिवाळीत मीच हौसेनं रंगवलेला,
आणि पॉलिश पेपरनं घासत राहिला
लोखंड उघडं पडेस्तोवर.

हॉर्न असा ओरडला
की बेदाणे निवडणाऱ्या बायका
दारात आल्या.

वीस रुपये.
"रंग नका लावू तिथं परत."