गिळल्यावर बोलायचं असतं

ग्रिम्सबीत, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत,
केमिस्टच्या काउंटरच्या टोकाशी
सकाळी नऊला मिळतं
हिरवं औषध, साठ मिली, मोजून.
समोर प्यायचं. वर घोटभर पाणी.
आणि मग काहीतरी बोलायचं,
म्हणजे तोंडात धरून बाहेर नेलं नाही
एवढी त्यांची खात्री.

बाकीचे थँक्यू म्हणतात, हवेला नावं ठेवतात.
मी पहिल्या दिवशी म्हणाले, "शेपू."
का, ते नाही सांगता यायचं.
दुसऱ्या दिवशी चाकवत. मग अंबाडी.
काउंटरवरच्या नसरीननं विचारलं, "हे काय असतं?"
म्हटलं, भाज्या. इथे न मिळणाऱ्या.

मीही या काउंटरच्या पलीकडचीच.
"आ करा, जीभ वर," म्हणायचे पेशंटना.
मिरजेत शिकलेली. हात हलका.
कुणाची शीर सापडेना की मलाच हाक.
कपाटातली अँप्यूल खिशात कधी आली
ते माझं मलाच कळलं नाही,
असं मी चौकशीत सांगितलं.
खोटं. कळत होतं.
सात महिने रोज मोजत होते.

मंगळवारी आम्ही जमतो
जाळी विणायच्या जुन्या शेडमध्ये.
भिंतीत अजून आकडे आहेत,
पाऊस लागला की डांबराचा वास सुटतो.
डॉक्टर कुणी नाही. आम्हीच आमचे.
शेडची चावी कर्स्टीकडे,
जिनं तीन घरं फोडलीत.
व्हिटाउटस सूप करतो, बीट घालून, फार आंबट.
मासे कापताना त्याची दोन बोटं गेली,
दुखण्यावरच्या गोळ्या मात्र राहिल्या.
"का सुरू केलंस?" इथे विचारत नाहीत.
विचारतात, "साखर किती?"

आईला फोनवर एकदाच सांगितलं.
ती म्हणाली, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र का गं?
मुक्ती! केवढा शब्द.
माझं तेवढं काही नाही, आई.
आजारी माणूस अंथरुणात उठून बसतं ना,
उशीला टेकून,
तेवढंच.

रेमंड रांगेत माझ्या मागे असायचा.
पूर्वी ट्रॉलरवर होता, आइसलंडपर्यंत जाऊन आलेला.
रोज विचारायचा, "आज कुठली भाजी?"
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी तो आला नाही.
सूप निवलं. कर्स्टी म्हणाली, चला.
दार वाजवलं, हाका मारल्या,
शेवटी कर्स्टीनंच उघडलं,
कसं, ते आम्ही पाहिलं नाही.

ओठ निळे. जिन्याच्या पहिल्या पायरीशी.
पाकीट माझ्या पिशवीत होतं, सगळ्यांच्याच असतं.
नाकात फवारा मारला,
हनुवटी वर केली,
श्वास दिला, मोजला, पुन्हा दिला.
तीन वर्षांनी हे हात
कुणाच्या अंगावर कामाला लागले होते.
थरथरत होते. हलकेबिलके काही नव्हते.

दुसऱ्या फवाऱ्यानंतर त्यानं डोळे उघडले
आणि आम्हाला एक सणसणीत शिवी दिली.
ॲम्ब्युलन्स यायला अकरा मिनिटं होती.
झोपू द्यायचं नव्हतं त्याला.
मी म्हणत होते, बोल रेमंड, काहीतरी बोल,
मराठीतच म्हणत होते बहुतेक.
तो म्हणाला, "डोडका."
व्हिटाउटसला वाटलं, भ्रम झालाय.
मी पायरीवर बसले आणि हसले,
मग नुसतंच हसू राहिलं नाही ते.

बुधवारी सकाळी नऊ.
साठ मिली. पाणी.
माझ्या मागे कुणी नव्हतं.
नसरीन वाट बघत होती, पेन हातात,
आणि मला एकही भाजी आठवेना.
शेवटी म्हणाले, "उद्या."
तिनं मान डोलावली, वहीत खूण केली,
विचारलं, "ही कशी करतात?
शिजवून, की कच्चीच?"