मारुतीच्या छातीपर्यंत

अकरावीला तर्कशास्त्र घेतलं
कारण त्या वर्गातला पंखा चालायचा,
आणि मुलं सातच, त्यामुळे बाक उरायचे.
गायधनी बाई आल्या की आधी खडू मोडायच्या,
अर्धा टेबलावर, अर्धा हातात.
'जिथे धूर, तिथे विस्तव,' त्यांनी फळ्यावर लिहिलं.
'पांडवलेण्याच्या डोंगरावर धूर दिसतोय. बोला.'

आम्ही बोललो. विस्तव आहे.
गुण मिळाल्यासारखे बसलो.

फिरोज कोकणी मागच्या बाकावरून म्हणाला,
'बाई, डिसेंबरात सकाळी गंगेवर पण धूर असतो.
पाण्याला कुठे आग लागते?'
आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत.
त्याला पुढे बोलावून उरलेला अर्धा खडू दिला.
'लिही. धूर, की धुरासारखं काही?
आजचा तास तुझा.'
त्याचं अक्षर भयानक होतं.
मी ते तसंच्या तसं उतरवून घेतलं,
वाकड्या मात्रांसकट.

मग मारुती.
दुतोंड्याच्या कमरेला पाणी लागलं की दुकानं सावध,
छातीला लागलं की सराफ बाजारात शिरलंच.
'हे तुम्हाला कोणी सांगितलं?'
वडिलांनी.
'आणि त्यांना?'
त्यांच्या वडिलांनी.
'म्हणजे ऐकीव. पाहिलंय कोणी?'
सुगंधा पिंगळेनं पाहिलं होतं,
मामाच्या खांद्यावर बसून, एकदा.
'एकदा,' बाई म्हणाल्या,
आणि तो शब्द वर्गात इतका वेळ टांगून ठेवला
की घंटा झाली.
दारातून मागे वळून, 'आणि मारुती पूर आणतो का रे?
ते उद्या.'
उद्या रंगपंचमी होती. सातही जण रहाडीत.
तो प्रश्न राहिलाच.

मी आता सराफ बाजारात कसोटीवर बसतो.
काळा दगड, सोन्याची रेघ, तेजाबाचा थेंब.
रेघ टिकली तर सोनं,
विरली तर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही.
सोन्याला दगड तपासतो.
दगडाला कोण तपासतं?
मालकांना विचारलं.
म्हणाले, दगड राजस्थानातून येतो.

गेल्या श्रावणात दोन दिवस धरणातून पाणी सोडलेलं.
मी तासातासाला गंगेवर जाऊन मारुती बघून यायचो.
गुडघे. मांड्या. कमरेच्या चार बोटं खाली.
'काळजी नाही,' मालकांना फोनवर सांगितलं.
चौथ्यांदा परत आलो तर दुकानात घोटाभर पाणी,
आणि ते गंगेकडून आलंच नव्हतं.
मागून आलं होतं, सरस्वती नाल्यातून,
गटाराची झाकणं उचलून,
एक चप्पल, केळीचं पान आणि कुणाचा तरी
लाल प्लास्टिकचा मग घेऊन.

मारुती खोटं बोलला नव्हता.
मी विचारलं होतं, गंगा कुठवर आलीय.
आणि ऐकलं होतं,
दुकानात पाणी येणार नाही.

खतावण्या माळ्यावर चढवता चढवता बाईंना फोन केला.
त्या आता चौऱ्याऐंशीच्या, गंगापूर रोडला लेकीकडे,
एकाच कानानं ऐकतात.
सगळं सांगितलं.
पलीकडे इतकी शांतता की वाटलं लाइन गेली.
मग, 'पाणी कोणत्या रंगाचं होतं?'
'गढूळ. काळपट. का बाई?'
'काही नाही. तू स्वतः बघितलंस का, एवढंच बघत होते.'
आणि मग त्यांनी फिरोजची चौकशी केली.
फिरोज मस्कतला असतो, मी म्हणालो.
असं ऐकलंय, मी म्हणालो.

बारापर्यंत पाणी उपसलं.
कसोटीचा दगड गल्ल्याच्या वर, कोरडाच होता.
त्यावर आदल्या दिवशीची एक रेघ
पुसायची राहून गेली होती.
बॅटरीच्या उजेडात वाकून बघितली.
बावीस कॅरेट असावी.
बॅटरी मिणमिणत होती.