भराव

चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी.
समुद्रात माझं काम एवढंच:
ड्रिलच्या तोंडून वर येणारा खडकाचा चुरा
चाळणीवर धुवायचा, वाळवायचा,
पिशवीवर खोली लिहायची.
दोन हजार नऊशे दहा. काळा शेल.
नखाने खरवडला तर चॉकलेटी रेघ उठते,
तापवला तर वास येतो
नुकत्याच विझवलेल्या स्टोव्हचा.

घरी, करंजात, पोशी आत्या ओहोटीला खाडीत उतरते.
मांडीपर्यंत चिखल. चाचपत चाचपत शिवल्या काढते.
पाय उपसला की खालचं काळं वर येतं
आणि सडक्या अंड्याचा वास.
"चिखोल जित्ता हाय," ती म्हणते, "म्हनून घानतो."
बरोबर आहे तिचं.
हवा नसली तरी आत कोणीतरी जेवतंय,
घाई न करता.

जे उघड्यावर मेलं ते संपलं.
खेकड्यांनी खाल्लं, उन्हाने नेलं, हिशेब मिटला.
पण तिवराचं पान, शेवाळाचा तवंग, कोलंबीची अंडी,
जे गाळात बुडालं
आणि ज्यावर लगेच दुसरा गाळ बसला,
ते पुरतं कुजायचं राहून गेलं.
असं राहिलेलं दबत जातं, पाणी गळून जातं,
उरतो एक हट्टी गोळा, कशातच न विरघळणारा.
साहेब त्याला केरोजेन म्हणतात.
आत्याला सांगितलं, तर म्हणाली,
"म्हंजे घासलेटचा बापूस."

मग आच.
फार नाही, चहाच्या आधणाएवढी.
पण आधण कोणीतरी उतरवतं,
हे कोणी उतरवत नाही.
तीन किलोमीटर खाली, कोट्यवधी वर्षं, झाकण घट्ट.
लांबलचक साखळ्या कडीकडीने तुटतात.
शेवाळाचं तेल होतं,
पानालाकडाचा बहुतेक गॅस.
आच वाढली तर तेलही तुटून गॅस होतं,
आणि मागे राहतं काजळीसारखं काही,
भिंगाखाली लखलखणारं.
जास्त शिजलेलं जास्त चमकतं.
लॅबमधली बाई त्या चमकेवरून ताप ओळखते,
अंगाला हात न लावता.

आमचं मिठागर होतं तिथे आता कंटेनर आहेत,
पाचावर पाच.
त्यांच्या खाली मुरुमाचा भराव, भरावाखाली वाफे,
वाफ्यांखाली तोच चिखल.
बापाने सही केली त्या वर्षी.
कागदावर लिहिलं होतं,
पोशीबाई हिने आपला हक्क राजीखुशीने सोडला आहे.
खाली अंगठा. कोणाचा, ते कोणी विचारलं नाही.
ती भांडली नाही.
सत्तावीस वर्षं दारात मासळी आणून ठेवते,
बापाचं नाव घेत नाही.
तो गेला त्या दिवशीही बोंबील वाळत घालून आली
आणि बायकांत बसली, कोरडी.

या खेपेला पीरवाडीच्या वाळूतून आलो
तर टाचेला डांबराचा गोळा.
आत्याने चिंधी घासलेटात बुडवली,
टाच मांडीवर घेतली, घासू लागली.
तेलानेच तेल सुटतं.
बराच वेळ नुसता चिंधीचा आवाज.
मग खाली बघतच म्हणाली,
"तुजे बापासचा मीठ बंद केलता डाक्टरनी.
मिठागर इकनाऱ्याचा."

एवढंच. पुन्हा टाच.

शेल स्वतःच्याच दाबाने केसाएवढी चीर पाडतो कधी,
एक थेंब सुटतो,
चीर मिटते.
वरच्या पिशवीवर त्याची नोंद नसते.

पाय धुतले. चहा झाला.
ओहोटी लागली तशी ती टोपली घेऊन उठली,
बांधावरून खाडीकडे बघत म्हणाली,
"आनि येचा तेल कवा होल रं?"
म्हटलं, वेळ लागेल. आणि वर
तीन हजार मीटर भराव लागतो.

तिने पलीकडच्या क्रेनकडे पाहिलं,
पदर खोचला.
"घालतील," म्हणाली.