बर्फाचा चाफा

विजूने तवांगहून आणला तेव्हा
तो होता पावडरच्या डब्यात रोवलेली एक काठी.
"मावशी, चाफ्याच्याच कुळातलं कलम आहे.
तिकडे पानांआधी फुलतो,
बर्फ वितळता वितळता."
मी म्हटलं, "आणि इथे काय वितळणार? मीठ?"

हर्णैला थंडी येते ती
पायातलं न काढता,
ओटीवरूनच परत जाते.

तरी लावला.
न्हाणीमागे, फणसाची सावली
दुपारनंतर सरकते तिथे.
समुद्राच्या अंगाला झापांचा दुहेरी कुड.
जांभ्याची आंबट माती त्याला मानवते म्हणे,
तेवढं एक आमच्याकडे फुकट.
कुदळ मात्र लावायची नाही,
मुळं याची वरवर, मांसल,
एकदा दुखावली की वर्षभर रुसतात.
म्हणून नुसता पातेरा पसरला,
वर नारळाची सोडणं पालथी,
आणि संध्याकाळी दोन कळशा.
वैशाखात विहीर मचूळ होते.
तेव्हा नळाच्या हंड्यातलं त्याला दिलं
आणि चहा मी मचूळ पाण्याचा प्याले.
हे कोणाला सांगितलेलं नाही.

तीन वर्षं नुसती पानं.
पौष आला तरी अंगावर तीच,
जुनी, मळकी, घट्ट.
गळायचं कसं हेच विसरला होता.
आरोग्य केंद्रात बत्तीस वर्षं
रात्रपाळ्या केल्यात मी,
झोप न येणारे ओळखते.

इब्राहिम मुकादम,
बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातला,
कुडावरून म्हणाला,
"बाई, थंडीच पाहिजे ना? पोत्याने देतो."
"मासळीवरचा नको हां. खारट."
"कोरा देतो. भुशातल्या लादीचा."

मग महिनाभर पहाटे
त्याचा नातू सायकलवरून पोतं टाकून जायचा.
मी वरवंट्याने फोडून
सोडणांवर पसरायची.
दात वाजायचे माझे, त्याचं त्यालाच ठाऊक.
ऊन फणसाखाली पोचेपर्यंत सगळं पाणी.
पलीकडची यमुवैनी रोज तेच म्हणायची,
"झाडाला बर्फ,
नि आमच्या घरात अजून फ्रीज नाही!"

आणि पानं?
ती मी हाताने काढली.
धडधाकट, एकेक.
देठाशी अंगठा टेकला की टच्.
दीडशेपर्यंत मोजली, मग मोजणं सोडलं.
शेंड्याच्या एका पानात
सुरवंटाने बिऱ्हाड केलं होतं.
ते तेवढं ठेवलं.

उघडा झाला.
वाडीने ठरवलं, मेला.
यमुवैनी तर चुलीसाठी विचारून गेली.
मी नखाने साल खरवडली, जराशी,
आत हिरवं, ओलं.
झोपला होता.

माघ सरताना टोकांना लव फुटली,
मांजराच्या पिल्लाच्या पंजासारखी करडी.
सहा कळ्या.
तीन खाऱ्या वाऱ्याने काळ्या पडल्या.
एक वांदराने चाखून थुंकली.
एक अर्धी उघडली आणि तिथेच थांबली,
का ते तिने सांगितलं नाही.
सहावी बुधवारी उमलली,
एकही पान शेजारी नसताना,
ओंजळीएवढी, बाहेरून गुलाबी,
आतून धुतलेल्या तांदळासारखी.

विजूला फोन लावला. लागला नाही,
तिकडे बर्फ पडत असेल.

इब्राहिम आला तेव्हा
लुंगीला भुसा चिकटलेला.
हात पाठीमागे बांधून वाकला, हुंगलं,
विचारात पडला.
"बाई, आपल्या सोनचाफ्याला वास जास्त."
"हो," मी म्हटलं.
तरी आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो,
लिलावाचा भोंगा होईपर्यंत.

जाताना कुडाशी थांबून म्हणाला,
"पुढच्या पौषात
किती पोती लागतील?"