दर्याचा वाटा

हर्णैच्या बंदरात चारला लिलाव सुरू होतो
आणि मथुरी येते.
अंगात नवऱ्याचा शर्ट, बटणं वरखाली,
केसांत सुतळी, काखेत फुटका ट्रान्झिस्टर,
त्यावर ती नुसती खरखर ऐकते
आणि सांगते, "भायेर वारा हाय."

मी सोसायटीचा कारकून. वही माझी.
बोटीचं नाव, टोपल्या, भाव,
मग वाटे: मालकाचा, तांडेलाचा, खलाशांचा,
जाळ्याचा एक, डिझेलचं वेगळं.
ती खांद्यावरून वाकते,
तोंडाला चुन्याचा वास,
"आन दर्याचा वाटा कुठं लिवलास रं?"

बर्फवाला हसतो. सगळे हसतात.
मीही. नोकरीत हसावं लागतं.

रोज एक बांगडा उचलते,
बारकासारका नाही, चांगला निवडून,
आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडते,
मेलेला, बर्फानं लाकूड झालेला,
शेजारघरचं उसनं फेडावं तसा.
"घे बाबा, आज येवढंच."
दोनदा मार खाल्ला यापायी.
तिसऱ्यांदा इब्राहिम तांडेलानं हात धरला,
मारणाऱ्याचा.

गेल्या माघात आठ दिवस होड्या रिकाम्या आल्या.
बाहेर दिव्यांच्या बोटींनी रात्रीचा दिवस केलेला,
आमच्या टोपलीत चार मांदेली आणि शेवाळ.
पुकारणारा पुकारेना.
व्यापाऱ्यांच्या माना मोबाइलमध्ये.
मथुरी पुढं झाली,
रिकामी टोपली दोन्ही हातांनी डोक्यावर धरली:
"बोला! एक वार... दोन वार..."

कोणी हसलं नाही.
टोपलीतलं पाणी तिच्या कपाळावर ठिबकत होतं.
"त्यानं आपला वाटा न्हेला," ती म्हणाली.
"मागची बाकी धरून."

त्या रात्री पट्टी घेऊन
मी वहीत एक रकाना आखला.
वर काही लिहिलं नाही.
ऑडिटवाल्यांनी विचारलं तर सांगेन, हात चुकला.

मासळी आली पुन्हा, थोडी.
भाव उतरले. हसणंही परतलं.
काल मथुरीला वही दाखवली,
हा बघ, म्हटलं.
तिला वाचता येत नाही.
त्या कोऱ्या जागेवर तिनं
वरपासून खालपर्यंत ओलं बोट फिरवलं,
ट्रान्झिस्टर कानाशी धरला जरा वेळ,
मग म्हणाली,
"अरुंद काढलास."