उलटा फॉर्मा

सत्त्याऐंशी साली मी पीएमटीतून
बोकडाचे डोळे नेत असे, कँपातून पाषाणला,
बर्फात, स्टीलच्या डब्यात.
डब्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी होती: लिंबू लोणचं.
ती मी काढली नाही. कंडक्टर एकदा म्हणाला,
वास येत नाही ओ तुमच्या लोणच्याला.

पुढची एकतीस वर्षं अंधारात गेली.
हे रूपक नव्हे. दृष्टिपटल उजेडात सोलता येत नाही.
उजेड पडला की ते आपलं काम करून मोकळं होतं,
आणि मला हवं असायचं ते काम सुरू व्हायच्या आधीचं.
म्हणून एक लाल दिवा, मिणमिणता,
आणि चिमट्याच्या टोकाला
भिजलेल्या पतंगाच्या कागदासारखं काहीतरी
लोंबत असायचं. श्वाससुद्धा बेतानं.

रंगनाथ सुपेकर दर मार्चमध्ये यायचे.
नारायण पेठेत बाइंडिंगचं दुकान.
यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं,
ठिपका दिसला की बटण दाबायचं, एवढंच.
पहिल्या वर्षी त्यांचा नकाशा परातीएवढा होता,
मग ताटली, मग वाटी,
मग शर्टाची गुंडी.
न दिसलेल्या ठिपक्यांनाही ते बटण दाबत.
यंत्र अशा दाबण्या वेगळ्या मोजतं.
मी विचारलं, तर म्हणाले,
तुम्ही तिकडे ताटकळत बसलेल्या. बरं नाही वाटत.

चूक सापडली तेव्हा ती आधी त्यांनाच सांगितली.
एवढ्या मोठ्या पोथीत एक अक्षर.
आईकडून आलेलं, मुलीतून गुपचूप जाणारं,
नातवाला गाठेल किंवा नाही.
त्यांनी ऐकून घेतलं.
म्हणजे फॉर्मा उलटा लागला म्हणायचा.
बाकी पुस्तक ठीक, सोळा पानं डोक्यावर उभी.
पुढे दहा वर्षं मी वर्गात हेच शिकवलं,
त्यांचं नाव न घेता.

औषधाचं विचारलं नाही त्यांनी कधी. मीच सांगितलं,
उंदरांना दिसू लागलंय. जरा ताठ बसून सांगितलं.
चांगलं झालं, म्हणाले,
त्यांना रात्रीचीच कामं.

निवृत्त झाले त्या आठवड्यात
शिवण सुटलेल्या नोंदवह्या घेऊन दुकानात गेले.
तिन्हीसांज. दिवा लावलेला नव्हता,
ते त्यांच्या लक्षात येत नाही आता.
नातू, सातवीतला, खळ ढवळत होता,
पातेलं घेऊन दाराकडे सरकला,
थोड्या वेळानं आणखी थोडा.
मी पाहिलं. मला तेच पाहायला शिकवलंय.
पोराच्या आजोबांना मी विचारलं, खळीत मोरचूद घालता ना?
घालतो, म्हणाले.

अंधारात लिहायची सवय, मी पेन दाबून लिहिते,
अक्षरं मागच्या बाजूनं हाताला लागतात.
त्यांची बोटं पानांवरून गेली,
थांबली, मागे आली.
मॅडम, इथे एक फॉर्मा उलटा आहे.
असू द्यायचा, का उसवू?